मुलांशी केलेले करार: घरातील आणि शाळेतील वर्तन करारांचा आढावा

वर्तन करार म्हणजे मूल आणि त्याच्याशी रोजचा संबंध असलेली मोठी व्यक्ती यांनी मिळून ठरवलेला व कागदावर उतरवलेला समझोता. मुलाने कोणते काम केव्हा आणि कितपत करायचे, ते झाल्यावर मोठ्यांनी काय द्यायचे, नोंद कोणी ठेवायची आणि पुन्हा एकत्र कधी बसायचे, एवढे त्यात लिहिलेले असते. खाली दोघांच्या सह्या असतात. एरवी घरात आणि वर्गात नियम मोठे करतात आणि मुले ते पाळतात किंवा मोडतात. करारात मोठी माणसेही शब्दाने बांधली जातात. कराराचे यशापयश बक्षिसाच्या आकारापेक्षा या दुहेरी बांधिलकीवर अधिक अवलंबून असते, असे या विषयाचा सुमारे सहा दशकांचा अनुभव सांगतो.

हा करार कायद्याच्या अर्थाने करार नव्हे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ११ नुसार अज्ञान व्यक्ती करार करण्यास पात्र नसते. मोहोरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये अज्ञानाने केलेला करार मुळातच शून्य असल्याचा निर्णय दिला. त्यामुळे मुलाशी केलेल्या करारामागे एकमेकांच्या शब्दावरील विश्वासाखेरीज दुसरे बळ नसते. मोठ्यांनी एकदा शब्द मोडला की कागदाला किंमत उरत नाही.

वर्तन कराराशी मिळत्याजुळत्या तीन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. नियम सर्वांना सारखा लागू असतो आणि बहुधा एकाच बाजूने ठरतो. आमिष ऐन प्रसंगी दाखवले जाते: दुकानात मूल रडू लागले म्हणून चॉकलेट देणे हे आमिष, आणि त्यातून रडण्यालाच बळ मिळते. हमीपत्र हा आपल्या शाळांतील ओळखीचा कागद. चूक घडल्यावर मुलाकडून आणि पालकांकडून ‘यापुढे असे होणार नाही’ असे लिहून घेतले जाते. त्यात शाळा स्वतःकडे काहीच घेत नाही. वर्तन करार चूक घडण्याआधी, शांत वेळी आणि दोन्ही बाजूंच्या संमतीने होतो.

कल्पनेचा उगम

मुलाला स्वतःच्या सुधारणेचे माप स्वतः ठरवू द्यावे, ही कल्पना वर्तनवादी मानसशास्त्राच्या आधीही दिसते. पोलंडमधील डॉक्टर आणि शिक्षणविचारवंत यानुश कोर्चाक यांनी वॉर्सामध्ये १९१२ पासून ज्यू अनाथ मुलांचे घर चालवले. तेथे मुलांचे स्वतःचे न्यायालय होते. त्याचबरोबर कोर्चाक मुलांशी आठवड्याच्या पैजा लावत. मारामारी किंवा शिवीगाळ करणारे मूल येत्या आठवड्यात आपण ती किती वेळा करू याचा आकडा सांगे. सवय एकदम सुटत नाही हे कोर्चाक जाणून होते, म्हणून झेपेल असाच आकडा ठरे आणि पुढे तो हळूहळू खाली येई. पैज जिंकल्यास गोड खाऊ मिळे. निकाल मुलाने स्वतः सांगायचा आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, अशी रीत होती.

शास्त्रीय पायाभरणी अमेरिकेत झाली. वर्तनाच्या परिणामांवरून ते वर्तन पुन्हा घडेल की नाही हे ठरते, हा विचार बी. एफ. स्किनर यांनी १९३८ च्या ग्रंथात प्रयोगांच्या आधारे मांडला आणि १९५३ मधील पुस्तकात मानवी व्यवहारांना लावून दाखवला. डेव्हिड प्रिमॅक यांनी १९५९ मध्ये त्याला महत्त्वाची जोड दिली. त्यांनी पहिलीतील मुलांपुढे खेळाचे यंत्र आणि गोळ्या देणारे यंत्र शेजारी शेजारी ठेवले. ज्यांना खेळ अधिक आवडे ती मुले खेळायला मिळावे म्हणून जास्त गोळ्या खात, आणि ज्यांना गोळ्या आवडत ती गोळ्यांसाठी जास्त खेळत. बक्षीस ही ठरावीक वस्तू नसते. जे मूल आपणहून अधिक वेळा करते, ते त्याच्या कमी आवडत्या कामासाठी बक्षीस ठरू शकते. ‘आधी भाजी-पोळी संपव, मग श्रीखंड’ हे घरोघरच्या आजीचे सूत्र प्रिमॅक यांच्या तत्त्वाने प्रयोगाच्या आधारावर उभे राहिले.

लॉइड होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये हे तत्त्व बालवाडीत वापरले. तीन वर्षांची मुले खोलीभर पळत, ओरडत आणि खुर्च्या ढकलत. होम यांनी पळणे आणि ओरडणे हेच बक्षीस केले. थोडा वेळ शांत बसून फळ्याकडे पाहिले की घंटा वाजे आणि पळण्या-ओरडण्याची परवानगी मिळे. शिक्षा न करता मुले शांत बसू लागली. वर्गात करार कसे करावेत याचे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लिहिलेले पुस्तक १९७० च्या सुमारास प्रसिद्ध झाले आणि ही पद्धत शाळांमध्ये पसरली.

घरातील कराराला रिचर्ड स्टुअर्ट यांनी रूप दिले. कायद्याशी संघर्ष झालेल्या किशोरांच्या कुटुंबांत काम करताना १९७१ मध्ये त्यांनी कराराचे पाच घटक मांडले: मुलाला मिळणाऱ्या सवलती, त्या सवलतींशी जोडलेल्या जबाबदाऱ्या, जबाबदारी न पाळल्यास होणारा ठरलेला परिणाम, सातत्य राखल्यास वरकड लाभ आणि या सगळ्याची नोंद. पुढच्याच वर्षी त्यांनी लॉट यांच्यासह सावधगिरीचा इशारा देणारा लेखही लिहिला. केवळ कागदाला उपाय समजू नये आणि करार घडवून आणणाऱ्याचा वाटा व वाटाघाटीची रीत नजरेआड करू नये, असा त्याचा रोख होता. जिल डार्डिग आणि विल्यम ह्युअर्ड यांनी १९७६ मध्ये मुले आणि पालक यांनी एकत्र वाचावे असे करारांविषयीचे पुस्तक काढले. तज्ज्ञांच्या हातातील साधन त्यातून घरातल्या माणसांच्या हाती आले.

कराराची रचना

कराराची सुरुवात निरीक्षणाने होते. आठवडाभर काहीही न बदलता, संबंधित गोष्ट किती वेळा घडते याची नोंद ठेवायची. दहा दिवसांत दोनदाच गृहपाठ पूर्ण करणाऱ्या मुलाकडून पहिल्याच आठवड्यात रोज पूर्ण गृहपाठाची अपेक्षा ठेवली, तर ते तिसऱ्या दिवशी हरते आणि नंतर प्रयत्नच सोडते. पहिले उद्दिष्ट आजच्या स्थितीपेक्षा थोडेसेच पुढचे असावे. पहिल्या आठवड्यात मुलाला यश मिळणे ही कराराची सर्वांत मोठी गरज असते.

उद्दिष्ट डोळ्यांना दिसेल आणि मोजता येईल अशा शब्दांत लिहायचे. ‘नीट वाग’, ‘मन लावून अभ्यास कर’, ‘उलट बोलू नकोस’ या वाक्यांवर घरात रोज वाद होऊ शकतो. ‘शाळेतून आल्यावर डबा आणि बाटली मोरीपाशी ठेवायची’ यावर वाद होत नाही. काय करू नये यापेक्षा काय करावे हे लिहिलेले बरे. ‘भावाला मारायचे नाही’ याऐवजी ‘राग आला तर खोलीबाहेर जायचे किंवा बाबांना हाक मारायची’ असे लिहिले, तर मुलाला त्या क्षणी करायला काहीतरी हाती लागते. एका करारात एक, फार तर दोन गोष्टी पुरतात.

बक्षिसाबाबत होम यांच्या पुस्तकातील सूचना आजही टिकून आहेत. बक्षीस लगेच द्यावे, लहान असावे पण वारंवार मिळावे, कामाआधी कधीही देऊ नये आणि ते आज्ञाधारकपणासाठी नसून केलेल्या कामासाठी असावे. करार दोन्ही बाजूंना न्याय्य, स्पष्ट आणि प्रामाणिक हवा. वार्षिक परीक्षेनंतर सायकल देण्याचे आश्वासन चौथीतल्या मुलाला जूनमध्ये अभ्यासाला बसवत नाही, कारण मार्च त्याच्या दृष्टीने फार दूर असतो. महाग वस्तूंपेक्षा वेळ, निवड आणि सोबत ही बक्षिसे अधिक काळ टिकतात: रविवारचा नाश्ता काय करायचा हे ठरवणे, बाबांबरोबर बॅडमिंटन, झोपताना जादा गोष्ट, मैदानावर अर्धा तास अधिक. अन्न, झोप, माया आणि मित्रांशी खेळण्याचा रोजचा वेळ या मुलाच्या गरजा आहेत. त्या काढून घेऊन बक्षीस म्हणून परत देणे अन्यायाचे आहे.

नोंद शक्यतो मुलानेच ठेवावी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर केलेली खूण पुरते. नोंदीमुळे वादाचा विषय माणसावरून कागदावर जातो, आणि आपण किती पुढे आलो हे मुलाला स्वतःला दिसते. एक-दोन आठवड्यांत पुन्हा बसण्याची तारीख आधीच लिहावी. करार पाळला गेला नाही तर पहिला प्रश्न ‘अट झेपणारी होती का’ हा असावा.

घरातील करार

सहावीतल्या मुलीचा गृहपाठ रात्री दहापर्यंत रेंगाळतो, आई दर दहा मिनिटांनी आठवण करते आणि शेवटी दोघी चिडतात, अशी स्थिती धरून एक नमुना पाहता येईल. ‘मी सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी साडेसहाला जेवणाच्या टेबलावर गृहपाठाला बसेन. त्या वेळी मोबाइल कपाटावर राहील. आई एकदाच आठवण करील आणि गृहपाठ संपेपर्यंत टीव्ही लावणार नाही. गृहपाठ झाला की त्याच दिवशी अर्धा तास मला हवे ते करता येईल. पाचपैकी तीन दिवस जमले, तर शनिवारी रात्रीचा सिनेमा मी निवडेन. खूण मी करेन. पुढच्या रविवारी सकाळी आम्ही पुन्हा बसू.’ यात आईच्या वाट्याला दोन अटी आहेत: एकदाच बोलणे आणि टीव्ही बंद ठेवणे. त्या आईने पाळल्या नाहीत तर मुलीला ते शांतपणे दाखवून देता येते. असे दाखवून देणे म्हणजे उद्धटपणा नव्हे, हे आधीच मान्य झालेले असते.

हा नमुना ज्या चर्चेतून येतो ती चर्चा नमुन्याइतकीच मोलाची आहे. थॉमस गॉर्डन यांनी १९७० मधील पालकांसाठीच्या पुस्तकात कोणाचीही हार न होणाऱ्या तोडग्याची रीत मांडली. अडचण दोन्ही बाजूंनी सांगायची, सुचतील ते उपाय टीका न करता मांडायचे, मग दोघांना चालेल तो निवडायचा. कराराची बैठक या रीतीने झाली तर मुलाकडून अनपेक्षित माहिती येते. गृहपाठाला उशीर होण्याचे कारण आळस नसून गणिताची न समजलेली पायरी असू शकते. मग करारात बक्षिसाआधी गणिताच्या मदतीची अट यायला हवी.

एकत्र कुटुंबात करार फक्त आईवडिलांचा राहून चालत नाही. आईने ठरवलेली मोबाइलची वेळ आजीने मायेपोटी मोडली, तर मुलाला दोष देता येत नाही. आजी-आजोबा, काका-काकू यांना आधी विश्वासात घेतले, त्यांच्याकडेही एखादी भूमिका दिली, तर हा प्रश्न बराचसा सुटतो. खूण झाल्यावर आजोबांनी शाबासकी द्यायची, ही भूमिकाही पुरेशी असते. दोन भावंडांचे करार वेगळे असावेत आणि त्यांची तुलना टाळावी. धाकट्याच्या खुणा दाखवून थोरल्याला टोमणे मारले, की कागद शिक्षेचे साधन बनतो.

शाळेतील करार

शाळेत एकाच मुलाकडे सतत लक्ष देणे शिक्षकांना कठीण असते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्राथमिक स्तरावर तीस विद्यार्थ्यांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर पस्तीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे प्रमाण आहे. माध्यमिक वर्गांत पटसंख्या अनेकदा त्याहून बरीच मोठी असते. त्यामुळे शाळेतील करार शिक्षकाच्या कामात सहज मावेल असा लहान हवा. प्रत्येक तासाच्या शेवटी डायरीत एक खूण, एवढाच भार असेल तर तो महिनाभर चालू शकतो.

शाळा आणि घर जोडणारा दैनिक नोंदपत्राचा मार्ग यासाठी सर्वांत उपयोगी ठरला आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील लॉरेन्स येथे, अडचणीतल्या किशोरांसाठीच्या निवासी घरातील मुलांवर बेली, वुल्फ आणि फिलिप्स यांनी केलेला अभ्यास १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षक रोज एका कार्डावर वर्गातील वागणे आणि अभ्यास यांवर हो किंवा नाही एवढेच लिहीत, आणि सवलती मात्र निवासी घरात मिळत. वर्गात बक्षीस वाटण्याची गरज उरली नाही आणि मुलांच्या वागण्यात व अभ्यासात सुधारणा झाली. आपल्याकडे शाळेची डायरी रोज घरी जातेच. तिच्यात बहुधा तक्रारीच येतात. दिवसातील एक जमलेली गोष्ट त्याच डायरीतून घरी गेली, तर पालक आणि शाळा यांचे नातेही बदलते.

संपूर्ण वर्गाशी केलेल्या कराराचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘चांगल्या वागण्याचा खेळ’. बॅरिश, साँडर्स आणि वुल्फ यांनी १९६९ मध्ये चौथीच्या एका वर्गात त्याचा प्रयोग मांडला. वर्गाचे दोन संघ केले. जागा सोडणे आणि मध्येच बोलणे यांच्या खुणा फळ्यावर होत. कमी खुणा असलेला संघ जिंके, आणि दोन्ही संघ ठरलेल्या मर्यादेत राहिले तर दोन्ही जिंकत. बक्षिसे साधी होती: जेवणाच्या रांगेत आधी उभे राहणे, दिवसाच्या शेवटी मोकळा वेळ. दोन्ही प्रकारचे वर्तन ठळकपणे घटले. पुढे बाल्टिमोरमध्ये १९८० च्या दशकाच्या मध्यात पहिलीच्या वर्गांत हा खेळ वापरला गेला. ती मुले तरुण झाल्यावर झालेल्या पाहणीत, विशेषतः लहानपणी आक्रमक असलेल्या मुलग्यांमध्ये, व्यसनांच्या समस्या कमी आढळल्या. गटाच्या करारात एक धोका असतो. एका मुलामुळे गट वारंवार हरला तर इतर मुले त्याच्यावर राग काढतात. अशा मुलाशी वेगळा करार करून त्याला गटाच्या हिशोबाबाहेर ठेवणे इष्ट.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात वर्गाने मिळून केलेले वर्गनियम हेही कराराचेच रूप आहे. मुलांनी शिक्षकांसाठीही दोन नियम सुचवावेत. ‘सर उत्तर चुकले म्हणून हसणार नाहीत’, ‘बाई मधल्या सुट्टीचा वेळ कापणार नाहीत’ असे नियम मुलांकडून येतात. ते फळ्याशेजारी लावले गेले तर उरलेले नियमही वर्ग आपले मानतो.

वय आणि क्षमता

चार-पाच वर्षांखालील मुलाला उद्याचे बक्षीस आणि आजचे काम यांची सांगड घालता येत नाही. त्याच्यासाठी लिखित करारापेक्षा दिनक्रम, चित्रांचा तक्ता आणि लगेच मिळणारी शाबासकी उपयोगी. सहा ते अकरा या वयात लिखित करार सर्वांत सहज रुजतो. वाचता न येणाऱ्या मुलासाठी चित्रे काढावीत आणि सहीच्या जागी अंगठ्याचा ठसा चालतो.

किशोरवयात तारे-चांदण्यांचे तक्ते मुलांना कमीपणाचे वाटतात. त्यांना हवी असते मोकळीक आणि विश्वास. घरी परतण्याची वेळ, मोबाइल, खर्चाचे पैसे, मित्रांबरोबर सहल हे त्यांच्या कराराचे खरे विषय आहेत. मोठ्यांनी येथे कायद्याच्या विरुद्ध असलेले काही कबूल करू नये. दहावीच्या गुणांवर दुचाकी देण्याचे वचन अनेक घरांत दिले जाते. परवाना नसलेल्या अल्पवयीनाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

अवधान-कमतरता आणि अतिचंचलता असलेल्या मुलांना परिणाम लवकर आणि वारंवार दिसावा लागतो. त्यांच्यासाठी आठवड्याचा करार फार लांबचा. अर्ध्या दिवसाचा किंवा तासाचा करार लागतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत चार ते सहा वर्षांच्या अशा मुलांसाठी औषधाआधी पालकांना वर्तन-व्यवस्थापनाचे प्रशिक्षण देण्याची शिफारस केली आहे. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ ने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले आहे. वाचन-लेखनाची अक्षमता असलेल्या मुलाशी ‘शुद्धलेखनात एकही चूक नको’ असा करार करणे म्हणजे त्याच्या अपयशावर सही घेणे. त्याच्याशी ‘रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचन’ असा प्रयत्नाचा करार करावा, आणि शिकवण्याची योग्य पद्धत पुरवणे ही शाळेची अट असावी.

पुरावा काय सांगतो

वर्तन करारांवरील संशोधन बरेचसे एकेका मुलाच्या वर्तनाची दीर्घ नोंद ठेवणाऱ्या अभ्यासांतून आले आहे. लिसा बोमन-पेरट आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अशा १८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यांत पाच ते एकवीस वर्षे वयाची मुले व तरुण होते. करारामुळे अयोग्य वर्तन घटले आणि अभ्यासाशी संबंधित वर्तन सुधारले, परिणाम मध्यम स्वरूपाचा होता, आणि इयत्ता, लिंग किंवा दिव्यांगत्व यांमुळे त्यात मोठा फरक पडला नाही.

या निष्कर्षाच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. अभ्यासांतील मुलांची संख्या थोडी आहे. करार अनेकदा इतर उपायांसोबत वापरला जातो, त्यामुळे एकट्या कराराचा वाटा वेगळा काढणे अवघड जाते. या क्षेत्रातील प्रसिद्ध अभ्यास प्रामुख्याने अमेरिकेतील आहेत. भारतीय वर्गाची पटसंख्या, एकत्र कुटुंब आणि मोठ्यांपुढे न बोलण्याची शिकवण यांत हाच करार कसा चालेल, ते येथे नोंदी ठेवूनच पाहावे लागेल.

आक्षेप

पहिला आक्षेप अंतःप्रेरणेचा आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतील मुलांचे तीन गट केले. एका गटाला चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितले, दुसऱ्याला न सांगता ते दिले, तिसऱ्याला काहीच दिले नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळेत पहिल्या गटातील मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रांकडे वळली. एडवर्ड डेसी, रिचर्ड कोस्टनर आणि रिचर्ड रायन यांनी १९९९ मध्ये १२८ प्रयोगांचे विश्लेषण करून, आधी कबूल केलेल्या वस्तुरूप बक्षिसांनी आवडीच्या कामातील रस घटतो, असा निष्कर्ष काढला. आल्फी कोन यांचे १९९३ मधील पुस्तक हाच विचार सर्वसामान्य वाचकांपर्यंत घेऊन गेले. याउलट जूडी कॅमेरॉन आणि डब्ल्यू. डेव्हिड पिअर्स यांनी १९९४ मधील विश्लेषणात बक्षिसांचे नुकसान मर्यादित असल्याचे म्हटले.

या वादातून व्यवहारापुरता नियम निघतो. घटणारा रस मुळात असलेल्या आवडीचा असतो. जे काम मुलाला नकोसेच आहे तेथे घटायला फारसे काही नसते. म्हणून गोष्टींची पुस्तके आपणहून वाचणाऱ्या मुलाशी वाचनाचा करार करू नये. दप्तर भरणे, दात घासणे, पाढ्यांचा सराव यांसाठी करावा.

दुसरा आक्षेप बालशिक्षणाच्या परंपरेतून येतो. मारिया माँटेसरी यांनी बक्षीस आणि शिक्षा दोन्ही नाकारल्या. त्यांच्या विचारांनी भारावलेले गिजुभाई बधेका आणि त्यांच्यासह १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना करणाऱ्या ताराबाई मोडक यांच्या कार्यातून हा विचार गुजरात आणि महाराष्ट्रात पोहोचला. मुलाला योग्य वातावरण, योग्य साधने आणि स्वातंत्र्य मिळाले तर शिस्त आतून येते, असा त्याचा गाभा आहे. हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. मूल बसत नाही म्हणून करार करण्याआधी, बसवण्याजोगे काही आपण त्याला देत आहोत का हे पाहणे मोठ्यांचे काम आहे.

तिसरा आक्षेप रॉस ग्रीन यांचा. ‘द एक्स्प्लोझिव्ह चाइल्ड’ या १९९८ मधील पुस्तकापासून ते मांडत आले आहेत की मूल जमत असेल तर चांगलेच वागते. अडचण इच्छेची नसून वैफल्य सहन करणे, लवचीकता, राग आवरणे अशा कौशल्यांची असते आणि कौशल्य बक्षिसाने येत नाही. ज्या मुलाला एखादी गोष्ट येते पण ती करत नाही, त्याला कराराचा उपयोग होतो. ज्याला ती येतच नाही त्याला आधी शिकवावे लागते.

कायद्याची चौकट आणि कराराच्या सीमा

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आहे. कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. गोव्यात बाल कायदा, २००३ नेही शाळांतील शारीरिक शिक्षेवर बंदी घातली आहे. म्हणून कोणत्याही शालेय करारात उठाबशा, वर्गाबाहेर उभे करणे, सर्वांसमोर नाव वाचून लाज आणणे किंवा नाव काढण्याची धमकी येऊ शकत नाही, मग त्याखाली पालकांची सही असली तरीही. छडी गेल्यानंतर वर्ग सांभाळायचा कसा, हा शिक्षकांचा प्रश्न खरा आहे. करार हे त्याचे एक प्रामाणिक उत्तर आहे, पण त्यासाठी शिक्षकांना प्रशिक्षण आणि वेळ द्यावा लागतो. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या कलम १२ नुसार मुलाला स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क आहे. करार हा त्या हक्काचा रोजच्या जगण्यातील लहानसा उपयोग ठरतो.

काही ठिकाणी करार करूच नये. मूल अचानक गप्प झाले, शाळेला जाण्यास घाबरू लागले, अंथरूण ओले करू लागले, तर त्यामागे भीती, छळ किंवा आजार असू शकतो. तेथे कारण शोधणे आधी. एक मूल दुसऱ्याला छळत असेल तर दोघांना समोरासमोर बसवून करार करू नये, कारण त्यांचे बळ समान नसते. छळलेल्या मुलाला सुरक्षितता मिळण्यासाठी कोणतीही अट पाळावी लागू नये. स्वतःला इजा करण्याचे विचार बोलून दाखवणाऱ्या मुलाकडून ‘मी तसे करणार नाही’ असे लिहून घेण्याची पद्धत १९७० च्या दशकापासून वापरात आली, पण तिने जीव वाचतात असा पुरावा मिळालेला नाही. अशा वेळी त्या मुलाला एकटे न सोडता मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे आणि संकटात कोणाला हाक मारायची याची सुरक्षा-योजना त्याच्यासोबत करावी. संकटातील मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे.

करार का फसतात

फसलेल्या करारांची कारणे बहुतेक वेळा मोठ्यांच्या बाजूला सापडतात. उद्दिष्ट फार उंच असते. बक्षीस मुलाने निवडलेले नसते. ऑफिसातून थकून आल्यावर खूण करायची राहते आणि चौथ्या दिवशी नोंदच बंद पडते. कबूल केलेले बक्षीस दुसऱ्या एखाद्या चुकीसाठी रोखले जाते. गृहपाठाचा करार पाळूनही ‘बहिणीशी भांडलास ना’ म्हणून शनिवारचा खेळ रद्द होतो. हा सर्वांत घातक प्रकार, कारण मुलाने आपला शब्द पाळलेला असतो. जुन्या वर्तनाला मिळणारा प्रतिसाद थांबला की सुरुवातीला ते वाढू शकते, हेही माहीत असावे. रडून मोबाइल मिळवणारे मूल पहिले काही दिवस अधिक रडते. तेव्हा हार मानली तर ते अधिक रडायला शिकते.

करार संपवणे

चांगला करार कायमचा नसतो. वर्तन स्थिरावले की खुणांची गरज हळूहळू कमी करायची: रोजची नोंद आठवड्यावर, ठरलेले बक्षीस अधूनमधून मिळणाऱ्या कौतुकावर. होम यांनी याचा क्रम सुचवला आहे. आरंभी काम आणि बक्षीस दोन्ही मोठी व्यक्ती ठरवते, मग त्यांतला वाटा टप्प्याटप्प्याने मुलाकडे जातो आणि शेवटी दोन्ही मूलच ठरवते. ‘एवढे धडे झाले की मी खेळायला जाईन’ असे दहावीतले मूल स्वतःशी ठरवते, तेव्हा तो स्वतःशी केलेला करार असतो आणि त्यावर कोणाच्या सहीची गरज नसते.

तेथवर पोहोचण्यासाठी मोठ्यांकडे चार गोष्टी हव्यात. आधी नीट पाहावे, झेपेल एवढेच मागावे, मुलाचे म्हणणे ऐकून मगच लिहावे आणि लिहिलेले स्वतः पाळावे. या चार अटी पूर्ण होत असतील तर साध्या वहीच्या पानावरचा करारही काम करतो. त्या पूर्ण होत नसतील, तर करार करण्याआधी तयारी मोठ्यांनी करायला हवी.